पावसाळ्यात बाळ येणार, घर कौलारू: घरातल्या रोजच्या दिवसांचे फोटो कसे काढावेत?

फोंड्याचा_मामा:

नमस्कार मंडळी. ताईचे बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. भावजी बोटीवर असतात, नोव्हेंबरशिवाय येत नाहीत. म्हणून टोपलीत झोपवलेले, डोक्याला फुलांचा पट्टा बांधलेले बाळ असे फोटो आम्हाला नकोत. घरात रोज काय चालते ते त्यांना दिसायला हवे: तेल लावणे, न्हाणी, वसरीत वाळत घातलेले लंगोट, चुलीवरची पेज, रात्रभर जागलेली ताई.

घर गोव्यात फोंड्याजवळ, जुने, मंगळुरी कौलांचे. बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला आहे. तिला लाकडी गजांची एकच खिडकी, बाहेर पोफळी, भिंती निळ्या, वर एलईडी ट्यूब. छतात एक काचेचे कौल आहे. माझ्याकडे साधा चांगला फोन आणि एक जुना डीएसएलआर आहे, त्याला १८-५५ आणि ५० एमएम एफ १.८ अशा दोन लेन्स.

विचारायचे ते असे. पावसाच्या अंधारात फोटो कसे काढायचे? फ्लॅश चालेल का? बाळ येण्याआधी काय टिपून ठेवावे? दमटपणात कॅमेरा आणि फोटो कसे सांभाळावेत? आणि ताईला याचा त्रास होऊ नये यासाठी काय पाळावे?

काचेचे_कौल:

तुमच्या हातात अजून दिवस आहेत, ते उजेड ओळखण्यात घालवा. बाळ आल्यावर खाट कुठे सरकवू असे विचारत बसायला कोणाला सवड नसते.

एक उशी दुपट्यात गुंडाळून बाळ झोपणार त्या जागी ठेवा. सकाळी सात, दहा, दुपारी एक आणि चार वाजता तिचा एकेक फोटो काढा. आभाळ भरलेल्या दिवशी हे मुद्दाम करा, कारण जुलैत तसेच दिवस मिळणार. कॅमेऱ्याने कोणता आयएसओ (उजेड किती वाढवून घेतला तो आकडा) आणि कोणता शटर (सेकंदाचा कितवा भाग उघडा राहिला) घेतला ते वहीत लिहा. दोन दिवसांत खोलीचा अंदाज येतो. कौलारू घराची पागोळी खाली उतरलेली असते, त्यामुळे खिडकीतून आभाळ फारसे दिसत नाही. उजेड अंगणातून परतून, खालून वर येतो. अंगणात लाल माती असेल तर तो तांबूस आणि बाहेर पोफळी असतील तर हिरवट असतो. खिडकीखाली बाहेरच्या बाजूला एखादी पांढरी चादर किंवा पांढरा फ्लेक्स उलटा पसरला, तर आतला उजेड वाढतो आणि रंगही ताळ्यावर येतो.

खाट खिडकीपासून तीन ते चार फुटांवर घ्या. छोट्या खिडकीचा उजेड आत जाता-जाता फार झपाट्याने कमी होतो. तीन फुटांवर जेवढा असतो, त्याच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा सहा फुटांवर उरतो. बाळाचे डोके खिडकीच्या बाजूला, जरा तिरपे ठेवा, म्हणजे उजेड कपाळावरून गालाकडे आणि मग छातीकडे उतरतो. पाय खिडकीकडे असले तर उजेड हनुवटीखालून येतो, नाकपुड्या उजळतात आणि डोळ्यांच्या जागी खळगे दिसतात. मात्र पावसाची झड आत येते का हे आधी पाहा. येत असेल तर खाट तिथे फक्त फोटोपुरती, नेहमीसाठी नाही.

निळी भिंत हा तुमचा खरा प्रश्न आहे. रंगीत भिंतीवरून परतलेला उजेड कातडीवर बसतो. निळ्याने बाळ काळेनिळे दिसते, ओठ जांभळे दिसतात, आणि बोटीवर बसलेल्या बापाला तो फोटो पाहून घोर लागतो. भिंत रंगवायची गरज नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर खाटेच्या उंचीला पांढरे धोतर किंवा चादर बांधा. सावलीची बाजू तिच्यामुळे उजळते आणि निळी झाकही जाते. खिडकीच्या उजेडात फोटो काढताना ट्यूब बंद ठेवा. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर होतो. ते मागाहून कितीही दुरुस्त केले तरी धड होत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बऱ्याच बाळांना कावीळ दिसते. फोटोत पिवळेपणा कमी-जास्त करता येतो, म्हणून फोटोवरून 'आता बरे दिसते' असे कधीही ठरवू नका. ते डॉक्टरच ठरवतील.

आता कॅमेरा. ५० एमएम लावा आणि एफ २.८ वर ठेवा (एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे). एफ १.८ चा मोह होतो, पण एक मीटरवरून त्यात फोकसची खोली सुमारे अडीच-तीन सेंटीमीटर मिळते. एक पापणी स्पष्ट, दुसरी पुसट. एफ २.८ ला ती चार सेंटीमीटरच्या आसपास जाते. झोपलेल्या बाळाला १/१०० सेकंदाचा शटर पुरतो. तेल लावणारे हात १/२०० मागतात आणि जागे बाळ हातपाय झाडत असेल तर १/२५०. आयएसओ ऑटो ठेवून वरची मर्यादा ६४०० द्या. फोटो दाणेदार झाला तरी तो फोटो असतो, हललेला झाला की गेला.

रात्री ट्यूबखाली शटर १/५० किंवा १/१०० वरच ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. स्वस्त एलईडीत हे जास्तच. १/२५० ला एक फोटो उजळ येतो आणि पुढचा अंधारा. फोनमध्ये आडवे काळे पट्टे येतात, तेही याचमुळे. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडता येत असेल तर निवडा.

फोनने काढताना नाइट मोड बंद. तो एक ते तीन सेकंद फ्रेम गोळा करतो, तेवढ्यात बाळाचा हात हलतो आणि मुठीच्या जागी धुके येते. चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोडही बंद. नवजात बाळाच्या नाकावरचे पांढरे बारीक पुरळ, खांद्यावरची लव, मनगटाशी सुटणारी कातडी हे सगळे काही आठवड्यांत जाते, आणि तो मोड नेमके तेच पुसतो. मुख्य १ एक्स लेन्स वापरा. झूम करण्यापेक्षा स्वतः जवळ जा. फोनच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून उजेड किंचित खाली ओढा, म्हणजे पांढरे दुपटे फटफटत नाही. दर वेळी आधी लेन्स सुती कपड्याने पुसा. बाळाचे तेल बोटांवरून लेन्सवर जाते. 'फोन जुना झाला, फोटो धुरकट येतात' ही तक्रार बहुतेक वेळा तेलाची असते.

फ्लॅशबद्दल: नेहमीच्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होते असे नाही, पण बाळ दचकते आणि तेल लावलेली कातडी आरशासारखी चमकते. छतावर मारून परतवायचा म्हणाल तर कौलारू घरात ते जमत नाही. वर वासे, रिपा आणि काळवंडलेली कौले, तिथून उजेड खाली येतच नाही. अगदीच लागला तर बाजूला बांधलेल्या त्या पांढऱ्या चादरीवर मारा, थेट नको.

आणि तुमच्या त्या काचेच्या कौलाला जपा. पावसाआधी कोणाला तरी वर चढवून ते धुऊन घ्या, शेवाळ धरले की निम्मा उजेड तिथेच अडतो. ढगाळ दिवशी त्याच्याखाली मऊ उजेड पडतो. मध्येच ऊन पडले तर सरळ तिरीप येते, ती बाळाच्या डोळ्यांवर नको. खाली दोन टोकांना दोरी बांधून एक पातळ मलमलची साडी आडवी ताणली की पुरे.

अबोली_वळेसर:

उजेडाचे वर छान सांगितले आहे, मी माणसांचे सांगते.

आधी काय टिपावे? बाळ येण्याआधीचे घर. ही वेळ पुन्हा मिळत नाही आणि सगळे नेमकी हीच सोडतात. फुलां माळप (गरोदर बाईला फुले माळण्याचा समारंभ) झाले असेल तर त्याचे फोटो असतीलच, पण ते सजलेले फोटो. त्याशिवाय माळ्यावरून पाळणा खाली काढला तो दिवस, त्याची कडी-साखळी घासणारे हात, जुन्या सुती साड्या फाडून केलेले लंगोट आणि दुपटी, कुंचीला लावलेली लेस, हॉस्पिटलची भरून ठेवलेली पिशवी. बाळंतिणीची खोली रिकामी असताना दारात उभे राहून एक फोटो काढा आणि पायांच्या जागी खडूने खूण करून ठेवा. पुढे दर आठवड्याला त्याच खुणेवरून, १८-५५ लेन्सच्या त्याच १८ एमएमवर (सर्वांत रुंद टोकावर) एक फोटो घ्या. खाटेखाली शेगडी येते, दोरीवर कपडे येतात, कोपऱ्यात पाळणा येतो, औषधांच्या बाटल्या वाढतात. चार महिन्यांनी हे सोळा-सतरा फोटो ओळीने लावले की घर कसे बदलत गेले ते भावजींना एका नजरेत दिसेल. एकट्या बाळाच्या शंभर फोटोंतून ते दिसत नाही.

माझा आग्रह याच गोष्टीचा आहे: बाळाचा चेहरा कोणीही टिपते, तुम्ही बाळाभोवतीचे हात टिपा. तेलाची वाटी धरलेला हात, डोके पेलणारा हात, रात्री तीन वाजता पाळण्याची दोरी ओढणारा हात.

हॉस्पिटलमध्ये प्रसूतिकक्षात फोन काढू नका. वॉर्डात काढायचा झाला तर आधी नर्सला विचारा, आणि शेजारच्या खाटेवरची बाई किंवा तिचे बाळ चौकटीत येता कामा नये. जन्मानंतरचा पहिला तास बाळ आईच्या अंगावर आणि पहिल्या दुधासाठी असतो, त्यात फोटोसाठी बाळ उचलून मागू नका. नंतर मनगटाची ओळखपट्टी, वजनकाटा, ताईचा थकलेला हात आणि त्यातली मूठ, एवढे पुरे. ओळखपट्टीवर नाव आणि नंबर असतो. तो फोटो घरात ठेवा, ग्रुपवर टाकू नका.

घरी आल्यावर बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपते. जागे आणि शांत असण्याची वेळ दूध पिऊन झाल्यावर थोडीशीच असते. तेवढ्यात चेहरा हवा असेल तर कॅमेरा आधीच तयार ठेवा. या वयात बाळाला वीस ते तीस सेंटीमीटरवरचेच नीट दिसते, म्हणून ते कॅमेऱ्याकडे पाहात नाही, वाकलेल्या आजीच्या तोंडाकडे पाहते. तुम्ही खाटेच्या उंचीला बसा आणि बाजूने त्या दोघांना घ्या. टाळ्या वाजवून बाळाला कॅमेऱ्याकडे वळवायच्या फंदात पडू नका.

न्हाणीची वेळ सकाळची, आणि फोटोंसाठी सर्वांत श्रीमंतही तीच. भाणातले (पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यातले) पाणी, चुलीचा जाळ, न्हाऊ घालणारीने लांब केलेले पाय आणि त्यावर पालथे बाळ. पण वाफेने लेन्स आंधळी होते. कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे आधी न्हाणीच्या दाराबाहेर उघडा ठेवा, म्हणजे तो तिथल्या हवेइतका कोमट होतो. उभे दारातच राहा, आत शिरू नका, जमीन निसरडी असते. कोन बाजूचा किंवा पाठीचा घ्या. बाळाचे पूर्ण उघडे अंग दिसणारा फोटो कोणालाही पाठवायचा नाही, घरच्या ग्रुपवरही नाही. आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंना आधी विचारा. त्यांनी हो म्हटले तर पहिली छापील प्रत त्यांना द्या.

धुरीचा फोटो सगळ्यांना हवा असतो. बालरोगतज्ज्ञ बाळाजवळ धूर नको म्हणतात, ते पाळा. बाळ दुसऱ्या खोलीत असताना धुरीवर दुपटी धरतात तो फोटो काढा. खिडकीकडे तोंड करून काढलात की धुराच्या रेषा उठून दिसतात, धूरही कमी लागतो.

सहाव्या रात्रीची सटी: पाट, कोरा कागद, लेखणी, समई. ट्यूब दोन मिनिटे बंद करू द्या अशी आजीला विनंती करा. एफ १.८ किंवा २, १/६०, आयएसओ ३२०० ते ६४००, श्वास रोखून आणि कोपर गुडघ्यावर टेकवून. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर सोडला तर कॅमेरा समईचा सोनेरी रंग खोडायला बघतो, म्हणून ३००० केल्विनच्या आसपास ठेवा किंवा दिव्याची खूण निवडा. समई चौकटीच्या कडेला घ्या आणि उजेड चेहऱ्यावर मोजा. ज्योतीवर मोजलात की बाकी सगळे काळे.

बारशाला गर्दी खिडकीच्या बाजूला उभी राहते आणि सगळा उजेड अडवते. पाळणा कुठे बांधायचा हे तुमच्या हातात असेल तर खिडकी आणि पाळणा यांच्यामध्ये माणसे येणार नाहीत असा बांधा. आत्या कानात नाव सांगते तेव्हा तिचे तोंड बाळाच्या डोक्याशी असते, म्हणून तुम्ही पायांकडच्या बाजूला, आत्याच्या समोर. मागून काढलात तर फक्त अंबाडा येतो. हलत्या पाळण्याचा फोटो हवा असेल तर झोक्याच्या टोकाला शटर दाबा. तिथे पाळणा क्षणभर थांबतो, १/१२५ ला सुद्धा स्पष्ट येतो.

ताईबद्दल. बाळाचे फोटो शेकड्यांनी निघतात आणि आईचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही बाळ दुसऱ्याच्या मांडीवर असताना. तिचे बाळासकट फोटो काढा, पण नियम ठरवा: ती आधी पाहील आणि ती म्हणेल ते लगेच पुसायचे. दूध पाजतानाचा फोटो तिने स्वतः सांगितले तरच, आणि तो खांद्यामागून, म्हणजे बाळाचे डोके आणि तिची बोटे एवढेच दिसते. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त त्या खोलीत कॅमेरा नको. शटरचा आवाज बंद करा आणि फोकससाठी लागणारा लाल-नारिंगी दिवाही बंद करा, तो थेट डोळ्यांवर येतो.

धोक्याचे तीन मुद्दे, हे मात्र अक्षरशः पाळा. बाळावरून वाकून फोटो काढताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि फोनची दोरी मनगटात, स्टुलावर चढून तर नाहीच. दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून बसलेल्या बाळाचे फोटो नेटवर दिसतात, त्यात बहुधा दोन वेगळे फोटो जोडलेले असतात आणि दोन्हींत कोणीतरी बाळाला धरलेले असते. घरी तसे करायला जाऊ नका, मान सावरत नाही. तिसरे कपड्यांचे: फोटोसाठी ट्रंकेतली जुनी कुंची किंवा गोधडी काढलीत आणि तिच्यात डांबराच्या गोळ्या असतील तर ती तशी बाळाला घालू नका. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थालीनच्या वाफेने जी६पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि कावीळ वाढते. ती कमतरता बाळाला आहे की नाही हे तुम्हाला पाहून कळणार नाही. नुसती हवा देऊन भागत नाही, धुऊन आणि वाळवूनच घ्या. वास राहिला तर बाजूला ठेवा.

म्हादईकाठ:

मी दमटपणावर बोलतो. गोव्यात जून ते सप्टेंबर लेन्सला बुरशी लागायला कपाटातला काळोख पुरतो. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला की आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू धरतात. तुमचा कॅमेरा जुना म्हणता, तर आजच लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि समोरून पाहा. तंतू दिसले तर बाळ येण्याआधी साफ करून घ्या.

चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा, रबराची कड असलेला दहा-पंधरा लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा दमटपणा-मापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांवर हवा. ३० च्या खाली फार दिवस नको, लेन्समधले वंगण आणि रबर सुकते. नारिंगी दाण्यांचे जेल घ्या, ओले झाले की ते हिरवट पडते. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, लहान मूल असलेल्या घरात ते आणू नये. ओले झालेले जेल जुन्या पसरट ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दीड-दोन तास ठेवा, मूळ रंग येतो. ते ताट पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. तांदळात कॅमेरा पुरणे निरुपयोगी, कोंडा आणि धूळ आत जाते.

एसी खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की त्यावर दव धरते. पुसले तरी परत धरते, कारण काच थंड आहे. एसीतच झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, बाहेर आल्यावर वीस-तीस मिनिटे थांबा आणि मग उघडा. हॉस्पिटलमधून निघताना हे विशेष लक्षात ठेवा, गाडीपर्यंतचे फोटो सगळ्यांना हवे असतात. तेवढ्यापुरता फोन खिशात अंगाशी ठेवला तर तो धुक्याने भरत नाही.

फोटो जपण्याचे तत्त्व साधे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. तुमच्या बाबतीत फोन किंवा लॅपटॉप, एक बाहेरची हार्ड डिस्क आणि एक क्लाउड. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि त्यात मेलसुद्धा मोजली जाते. १२ मेगापिक्सेलचा फोटो तीन-चार एमबीचा धरला तर फोटो मावतील, व्हिडिओ मावणार नाहीत. ४के व्हिडिओ मिनिटाला शेकड्यांनी एमबी खातो, रोजच्या कामाला १०८० चालतो. वीस-तीस सेकंदांचे तुकडे घ्या, पाच मिनिटांचे सलग चित्रण पुढे कोणी पाहात नाही. डिस्क कायम जोडून ठेवू नका. विजांच्या दिवसांत, आणि आपल्याकडे त्या पावसाच्या सुरुवातीला आणि परतीला जास्त असतात, तार काढून डिस्क त्याच कोरड्या डब्यात. कार्ड दोन प्रती झाल्यावरच, आणि कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

घड्याळ जुळवा. जुन्या डीएसएलआरची आतली बॅटरी दमली की तारीख मागे जाते, मग फोनचे आणि कॅमेऱ्याचे फोटो एका ओळीत लागत नाहीत. दोन्हीवर वेळ लावा आणि कॅमेऱ्याने फोनवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवा. पुढे फरक निघाला तरी त्यावरून सगळे एकदम सरकवता येतात. फोल्डरला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने नाव द्या, पुढे एक शब्द: न्हाणी, सटी, पहिला-डोस.

छपाई जरूर करा. ४×६ इंचासाठी १२००×१८०० पिक्सेल लागतात, फोनचा फोटो त्याहून कितीतरी मोठा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत मात्र छापायला देऊ नका. ते फोटो लहान करते आणि त्यातली तारीख-वेळही काढून टाकते. कागद मॅट घ्या. चकचकीत कागद पावसात एकमेकांना आणि फ्रेमच्या काचेला चिकटतो, सोडवताना रंग निघून येतो. फ्रेममध्ये काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची खिडकी असावीच. चिकट पानांचे, वर प्लास्टिक ओढायचे अल्बम टाळा, डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. कागदी कोपऱ्यांचे काळे किंवा पांढरे जाड पान उत्तम. अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, ती भिंत ओल घेते. आतल्या भिंतीचे कपाट, वरचा कप्पा, उभा ठेवून.

फोंड्याचा_मामा:

सर्वांचे मनापासून आभार. चादर आणि फ्लेक्स उद्याच लावून बघतो, काचेच्या कौलावर कालच माणूस चढला. दोन शंका राहिल्या. बाळ दिवसाही मच्छरदाणीत असणार, तिच्यातून फोटो कसे घ्यायचे? आणि भावजींच्या बोटीवर नेट फार मंद आहे, रोज काय आणि कसे पाठवू?

काचेचे_कौल:

मच्छरदाणी: जाळी उचलू नका, डास आत जातात. लेन्सचे तोंड जाळीला अगदी टेकवा, एफ १.८ किंवा २ ठेवा आणि फोकस हाताने करा, कारण ऑटो फोकस जाळीवरच अडकतो. जाळी लेन्सपासून वीतभर लांब राहिली तर पांढरे धुके येते, टेकवली की दिसेनाशी होते. फोनचीही हीच रीत, पडद्यावर बाळाच्या चेहऱ्याच्या जागी बोट दाबून फोकस बांधून टाका. उजेड तुमच्या पाठीमागून जाळीवर पडत असेल तर ती उजळून बाळ झाकले जाईल. म्हणून खिडकी बाजूला येईल असे बसा. आणि कधीतरी मुद्दाम दोन पावले मागे जाऊन अख्खी मच्छरदाणीच घ्या, जाळीवर फोकस ठेवून. आत बाळ अंधूक, बाहेर आजी पंख्याने वारा घालते आहे, हाही तुमच्या घरातला रोजचाच फोटो आहे.

अबोली_वळेसर:

बोटीवर रोज एकच फोटो पाठवा. लांब बाजू १२०० पिक्सेल आणि दर्जा ७५-८० टक्के केला की तो साधारण २०० ते ३५० केबीचा होतो आणि मंद नेटवरही उतरतो. मूळ फोटोला हात लावू नका, लहान प्रत वेगळ्या फोल्डरात करा. त्याबरोबर दहा-पंधरा सेकंदांचा आवाज पाठवा: कौलांवरचा पाऊस, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, बाळाची उचकी. आवाजाची फाइल फोटोहूनही लहान असते आणि फोटोत जे येत नाही ते त्यात येते.

विषय रोज बदला. सोमवारी बाळ, मंगळवारी ताई, बुधवारी दोरीवरचे लंगोट, गुरुवारी आजीची मेथीची पेज असे चालू द्या. खाली तारीख, बाळाचा कितवा दिवस आणि एक सरळ वाक्य लिहा. 'आज नाळ पडली.' 'आज पहिल्यांदा सलग तीन तास झोपले.' नाळ बहुधा एक ते दोन आठवड्यांत पडते, त्यामुळे पोटाचा एक फोटो पहिल्या दिवसांतच घेऊन ठेवा. फोनचे लोकेशन बंद करा, ओळखीतले लोक फोटो पुढे ढकलतात.

चवथीचे (गणेश चतुर्थीचे) आधीच ठरवून ठेवा. तेव्हा बाळ साधारण दीड-दोन महिन्यांचे असेल. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीखाली) ताई आणि बाळ असा फोटो घ्यायचा असेल तर माटोळी बांधून झाल्या-झाल्या, पाहुणे यायच्या आत. १८ एमएमवर जमिनीवर बसून वर बघत घ्या, म्हणजे फळे आणि चेहरे दोन्ही येतात. गणपतीवर सोडलेली रंगीत लुकलुकणारी माळ तेवढ्यापुरती बंद करायला सांगा, नाहीतर बाळाच्या कपाळावर हिरवा-लाल ठिपका येतो. ताईने बाळाला मांडीवर घेतलेले असावे, उंच धरलेले नको, वर नारळ आणि सुपारीचे घोस टांगलेले असतात. दोन मिनिटांत आटपा आणि बाळाला आत न्या, आरतीच्या झांजा त्याच्या कानाला फार होतात.

म्हादईकाठ:

त्या रोजच्या एका फोटोची मूळ प्रत त्याच दिवशी 'छपाई' नावाच्या फोल्डरात टाकत जा. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत सव्वाशेच्या आसपास होतील, चार फोटोंचे पान धरले तर तीस-बत्तीस पानांचा अल्बम. छपाईला पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी द्या. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा, नाहीतर समईच्या उजेडातले सगळे फोटो तो ट्यूबखाली काढल्यासारखे पांढरे करून देईल. आधी चार-पाच फोटोंची चाचणी छपाई घ्या: एक खिडकीचा, एक समईचा, एक ट्यूबचा. ते घरी आणून दिवसाच्या उजेडात बघा, आणि अंधारे वाटले तर उरलेले थोडे उजळ करून मगच सगळे एकदम द्या.